सोलापूरच्या यार्डात भराईला उभं राहण्याआधी

नवा पोरगा टोळीत आला की पहिल्याच दिवशी आपला जोर दाखवायला बघतो. गाडीला लावलेल्या फळीवरून पळतो, हात द्यायला कुणी नसलं तरी एकटाच पोतं उचलून पाठीवर फेकतो, दुपारपर्यंत सगळ्यांच्या पुढं असतो. तिसऱ्या दिवशी तो येत नाही. आला तरी कमरेला हात लावून कोपऱ्यात बसतो. मी सोलापूरच्या मार्केट यार्डात टोळीचा मुकादम आहे. त्याआधी बरीच वर्षं स्वतः पाठीवर पोतं वाहिलं आणि आजही माणूस कमी पडला की वाहतो. माझ्याबरोबरची जी माणसं पन्नाशीतही ताठ चालतात, ती टोळीत सगळ्यात दांडगी कधीच नव्हती. पोतं कुठं धरायचं, कधी थांबायचं आणि कुणाला हाक मारायची, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. हे शिकता येतंय, म्हणून पोरा, तुझ्यासाठी लिहितोय.

काम कुठं मिळतं आणि कधी

हैदराबाद रोडचं श्री सिद्धेश्वर मार्केट यार्ड, रेल्वेचा मालधक्का, अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतली गोदामं, आणि जिल्हाभरचे साखर कारखाने. सोलापुरात भराई-उतराईचं बहुतेक काम इथंच. माल हंगामाप्रमाणं बदलतो. दिवाळीपासून कांदा चढायला लागतो आणि डिसेंबर-जानेवारीत यार्डात पाय ठेवायला जागा नसते. जिल्ह्यातला, धाराशिवकडचा, पुणे-नगरकडचा आणि पलीकडून विजयपूर-कलबुर्गीचाही कांदा इथं येतो. त्याच सुमाराला सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते. यात्रेची सुट्टी संपली की अडलेल्या गाड्या एकदम आत येतात. त्या आठवड्यात नव्या पोराला कुणी शिकवत बसणार नाही, म्हणून शिकायचं असेल तर ऑक्टोबरातच ये. तूर जानेवारीपासून, ज्वारी त्यानंतर. साखर थंडीभर. जूनच्या तोंडावर खताच्या रेका, म्हणजे आख्ख्या मालगाड्या, लागतात. सिमेंट बारा महिने.

पहिला आठवडा पाठीवर पोतं मागू नको. मुकादमाला सांग, मला शिवायला, झाडायला, मोजायला लाव. दाभण आणि सुतळी घेऊन पोत्याचं तोंड शिव, दोन्ही कोपऱ्यांना कान सोड. कान नीट सुटले नाहीत तर उचलणाऱ्याच्या बोटांना पकड मिळत नाही, हे स्वतः शिवल्याशिवाय कळत नाही. मोजणाऱ्याजवळ उभा राहिलास की गाडी कशी भरत जाते ते पूर्ण दिसतं. वाहणाऱ्याला फक्त समोरच्याची पाठ दिसते.

अंगावर काय असावं

डोक्यावर आणि मानेवर जाड पंचा हवाच. पोतं जिथं टेकतं तिथं जुन्या गोणपाटाची खोळ करून पाठीवर सोड, ज्यूटचे धागे कातडं सोलतात. पायात चप्पल घालून फळीवर चढू नको. पुढून बंद, तळवा न घसरणारा बूट घाल. तो महाग पडतोय असं वाटेल, पण अंगठ्यावर पोतं पडलं की महिनाभर घरी बसावं लागतं. बूट त्यापेक्षा स्वस्तच.

सिमेंटच्या दिवशी पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल, तोंडाला मास्क बांध आणि गळ्यापाशी पंचा घट्ट गुंडाळ. सिमेंटात चुना असतो. तो घामाबरोबर कातडीवर बसला की भाजल्यासारखा चट्टा उठतो, आणि आधी कळतही नाही, संध्याकाळी आग सुरू होते. काम सुरू करण्याआधी हातांना आणि मानेला खोबरेल लाव, सुटी झाली की भरपूर पाण्यानं धू. डोळ्यात गेलं तर चोळायचं नाही. डोळा उघडा धरून पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याची धार सोडायची आणि तिथून थेट दवाखाना. मिरचीच्या पोत्यांनाही मास्क लागतोच.

कारखान्यात किंवा सिमेंटच्या प्लांटवर पट्ट्यावरून पोती येत असतील तर पंच्याचं लोंबतं टोक आत खोच. पट्टा बंद करायचं बटण कुठं आहे ते कामाआधी विचार. चालू पट्टा ओलांडून जाऊ नको, पलीकडं पाणी पिण्यापुरतंच जायचं असलं तरीही.

पोतं पाठीवर घेणं

जमिनीवरचं पोतं एकट्यानं पाठीवर घ्यायचं नाही. दोघं हात देणारे आणि तिसरा वाहणारा, ही रीत उगीच पडलेली नाही. हात देणारे समोरासमोर उभे राहतात. दोन्ही पायांत खांद्याएवढं अंतर, एक पाय जरा पुढं. गुडघे मोडून खाली बसायचं, एका हातानं कान आणि दुसऱ्यानं बूड धरायचं, पोतं अंगाला चिकटवायचं आणि मांड्यांच्या जोरावर उठायचं. कंबर वाकवून हात लांब करून उचललंस तर पन्नास किलोचं ओझं मणक्याला कितीतरी जास्त पडतं. उठताना दम कोंडून धरू नको, श्वास सोडत ऊठ.

वाहणारा पाठ देऊन, गुडघे जरासे मोडून उभा राहतो. पोतं मानेच्या खाली, दोन्ही खांद्यांच्या मध्ये बसलं पाहिजे. मानेवर बसलं तर बोटं बधिर होतात, कमरेवर बसलं तर पाय फेकत चालावं लागतं. नीट बसलं नसेल तर पाऊल टाकायचंच नाही, "परत" म्हणायचं. नव्या पोराला हे म्हणायची लाज वाटते. माझ्या टोळीत "परत" म्हटल्यावर कुणी हसलं तर मी हसणाऱ्याला बाजूला घेतो.

वळायचं झालं की पावलं टाकत वळ. पाय जागेवर आणि कंबर फिरली, नेमकी तिथंच शिर धरते. नजर बुटाकडं नको, चार पावलं पुढं ठेव.

उंचीचंही बघायला लागतं. हात देणारा एक बुटका आणि एक उंच असला की पोतं तिरकं चढतं आणि सगळा भार बुटक्यावर येतो. मुकादमाला सांगून जोडी बदलून घे. जोडी जमली की दोघांचा ताल एक होतो आणि त्या तालात दिवसभर काम ओढतं. ताल मोडायला फार काही लागत नाही. मध्येच कुणी फोन घेतला तरी मोडतो. म्हणून भराई चालू असताना फोन मुकादमाच्या पिशवीत.

आमच्या टोळीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी बोलणारी माणसं एकत्र काम करतात. चेष्टामस्करी ज्याच्या त्याच्या भाषेत चालते, पण थांबायची हाक एकच ठरलेली आहे, "रुक". ती ऐकली की ज्याच्या हातात जे असेल ते जागच्या जागी थांबतं. तू ज्या टोळीत जाशील तिथली हाक पहिल्या दिवशी विचारून घे.

आकडा, म्हणजे हूक, फक्त ज्यूटच्या पोत्याला लावायचा आणि तोही कानाजवळ. सिमेंट, साखर, खत, प्लॅस्टिकची कुठलीही पिशवी, कांद्याची जाळी, यांना आकडा लागता कामा नये. सांडलेला माल शेतकऱ्याचा किंवा घेणाऱ्याचा असतो, आणि पुढं जिथं गाडी उतरते तिथला हमाल फाटक्या पोत्याशी झगडत बसतो. तोही आपल्यातलाच माणूस.

फळी जाड आणि निदान दीड फूट रुंद असावी, तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असाव्यात. ट्रकचा हौदा जमिनीपासून साधारण चार फूट वर असतो, म्हणून फळी दहा-बारा फुटांची पाहिजे. त्याहून आखूड असली की चढ उभा होतो. वरचं टोक हौद्याला दोरानं बांध. शक्य असेल तर चढायला एक आणि उतरायला दुसरी. कांद्याची ओली साल फळीवर पडली की पाय सरकतोच, म्हणून एक पोरगा खराटा घेऊन फळीपाशी ठेवावा. मी ठेवतो, आणि त्यालाही बाकीच्यांइतकाच वाटा देतो.

थप्पी

थप्पी म्हणजे एकावर एक रचलेली पोती. या धंद्यात माणूस मरतो तो बहुतेक थप्पीखाली. गोदामातली थप्पी दहा-बारा थरांची असते, वरचा माणूस खालच्याला दिसत नाही. एका गोदामात घाईच्या वेळी कुणीतरी मधल्या थरातलं फाटकं पोतं ओढून काढलं. सगळी बाजू खाली आली आणि पोती मोजायला उभ्या असलेल्या माणसाचा पाय मांडीत मोडला. तो मोजत होता, त्यानं एका पोत्यालाही हात लावला नव्हता.

म्हणून थप्पी नेहमी वरून खाली, पायऱ्या करत काढायची. आधी वरच्या कडेचे दोन थर, मग त्याच्या मागचे, असं उतरत यायचं. खालचं पोतं कितीही सोयीचं दिसलं तरी ओढायचं नाही. थप्पी एका बाजूला कललेली दिसली, किंवा खालचं पोतं फुटून माल झिरपत असला, तर आधी ती कललेली बाजू वरून मोकळी करायची. मगच पुढचं काम.

थप्पी लावताना पाचची घडी शिक. खालच्या थराला तीन पोती उभी आणि दोन आडवी. वरच्या थराला त्याच्या उलट, म्हणजे तिनांवर दोन आणि दोनांवर तीन. विटांच्या भिंतीसारखी सांध्यावर सांधा येत नाही आणि थर एकमेकांना धरून राहतात. शिवलेलं तोंड आतल्या बाजूला ठेव, म्हणजे एखादी शिवण उसवली तरी माल बाहेर सांडत नाही आणि थप्पी बसत नाही. भिंतीपासून दीड-दोन फूट सोड. त्या जागेतून हवा फिरते, आणि उंदीर लागला का, पाणी झिरपलं का, हे माणसाला आत जाऊन बघता येतं. खाली लाकडी फळ्या किंवा ताडपत्री टाकल्याशिवाय पहिलं पोतं ठेवायचंच नाही. सिमेंट दहा थरांच्या वर चढवू नको. खालचं दाबून गठ्ठा होतं आणि थप्पीही डुलायला लागते. जुना माल आधी निघेल अशी मांडणी कर.

गाडी भरणं

गाडी लागली की आधी हँडब्रेक, मग चाकाखाली पुढून-मागून लाकडी ठोकळे, मग चावी मुकादमाकडं. ड्रायव्हर भला माणूस असतो, पण तो केबिनमध्ये झोपलेला असतो आणि क्लीनरला गाडी जरा पुढं घ्यायची हौस असते. चावी हातात आल्याशिवाय माझी टोळी फळी लावत नाही.

फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं दार, उघडल्यावर हौद्यात चढून बघ. खिळे वर आलेत का, पत्रा फाटलाय का, ओल आहे का. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधी काय भरलं होतं. खत किंवा कीटकनाशक वाहून आलेल्या गाडीत तसंच धान्य किंवा साखर भरायला सांगितलं तर हात लावू नको. आधी झाडून, पुसून, कोरडी ताडपत्री अंथरायला लाव. तो माल कुणाच्या तरी ताटात जाणार आहे, आणि या बाबतीत मुकादमानं व्यापाऱ्याशी वाद घालावा लागला तर घालावा. मी घालतो.

मग वजन. आरसी बुकात गाडीचं स्वतःचं वजन आणि भरल्यावरचं एकूण वजन, दोन्ही लिहिलेली असतात. दुसऱ्यातून पहिलं वजा कर, तेवढाच माल. २०१८ साली केंद्रानं वजनाची मर्यादा वाढवली. सहाचाकीचं एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टन झालं, दहाचाकीचं २५ वरून २८ टनांच्या घरात गेलं. पण जुन्या गाडीच्या बुकात जे लिहिलंय तेच धरायचं. एका टनात ५० किलोची २० पोती, म्हणजे बारा टनांना २४०. युरियाचा हिशेब वेगळा आहे. त्याची गोणी २०१८ पासून ४५ किलोची आली, त्यामुळं टनाला २२ गोण्या भरल्या तरी दहा किलो कमीच पडतात. नवी पोरं इथं हमखास चुकतात आणि पावतीशी मेळ बसत नाही.

"अजून वीस टाक, काय होतंय" असं कुणीतरी म्हणणारच. काय होतंय ते सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला कायद्यात २० हजार रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, आणि जादा माल तिथंच उतरवावा लागतो. तो दंड झाला बाजूला. घाटात ब्रेक लागला नाही तर काय, हा विचार कर. गाडीवर आपल्यासारखाच पोटासाठी निघालेला माणूस बसलाय.

मांडणी केबिनच्या बाजूनं सुरू करायची आणि मागं येत जायचं. डावी-उजवी बाजू थरागणिक सारखी ठेवायची. सगळं वजन शेवटी मागच्या टोकाला आलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. सगळं पुढं गेलं तर पुढचे टायर आणि स्प्रिंगचे पाटे बसतात. गाडी अर्धी भरायची असेल तर पुढं रिकामी सोडून मागं रचायचं नाही आणि मागं रिकामी सोडून पुढंही कोंबायचं नाही. थर कमी कर, लांबी पूर्ण वापर. इथंही सांधे बदलत रचायचं. फाळक्याजवळची शेवटची रांग किंचित आत झुकलेली असावी, म्हणजे दुसऱ्या गावाला फाळका उघडणाऱ्याच्या अंगावर पोतं येणार नाही.

मोजणी एकानंच करायची, मोठ्यानं. आमच्याकडं जुनी माणसं अजूनही पहिल्या पोत्याला "लाभ" म्हणून मोजायला सुरुवात करतात. पाटीवर चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. पन्नास झाले की मोजणारा आणि रचणारा एकमेकांना आकडा सांगतात. शेवटी भांडत बसण्यापेक्षा मध्ये मध्ये विचारलेलं बरं.

कांद्याला जास्त वेळ देतो, कारण सोलापूरची भराई म्हणजे कांदाच. सकाळी लिलाव, दुपारी निवड आणि भरती, संध्याकाळी गाड्या. इथून कांदा हैदराबादला, बेंगळुरूला, चेन्नईला जातो. हैदराबाद तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, रातोरात पोचतो. पुढं दक्षिणेला जाणाऱ्या गाडीत तो दीड-दोन दिवस कोंडलेला असतो. कांदा जिवंत माल आहे. तो श्वास घेतो, गरम होतो, पाणी सोडतो. दाबून भरलेल्या गाडीत मधल्या थराचा कांदा पोचेपर्यंत घामेजलेला असतो आणि पुढं कोंब धरतो नाहीतर सडतो.

म्हणून कांद्याच्या गाडीत तळाला लाकडी पट्ट्या टाक, गोणी थेट पत्र्यावर नको. दर तीन-चार रांगांनी लांबीच्या दिशेनं वीतभर फट सोड. गोणी फेकायची नाही, टेकवायची. फेकलेल्या गोणीतला कांदा वरून चांगला दिसतो आणि तिसऱ्या दिवशी काळा पडतो. गोण्यांवर बूट घालून उभं राहायचं नाही. रचणाऱ्यानं गोणीवर फळी टाकून त्यावर उभं राहावं. ताडपत्री पाऊस नसेल तर फक्त माथ्यावर, बाजू मोकळ्या. लिलावाला आलेल्या शेतकऱ्यानं चार महिने रान राखलेलं असतं. तो पैसे घेऊन गावी गेला तरी आपण त्याच्या मालाला शेवटचा हात लावणारे असतो.

निवडणाऱ्या आणि गोण्या भरणाऱ्या बायका दिवसभर उकिडव्या बसून काम करतात. त्यांच्या आणि आपल्या कामात फक्त उंचीचा फरक आहे. गोणी ओढताना त्यांच्या हातावरून ओढू नको, आणि रस्ता मागायचा तर नीट मागायचा.

ताडपत्री दोन असतील तर आधी मागची टाकायची, मग पुढची तिच्यावर चढवायची. उलटं केलं तर चालत्या गाडीत वारा आणि पाऊस सांध्यातून आत शिरतात. दोर आवळताना वर चढलेल्या माणसानं आधी डोक्यावर बघायचं. यार्डाबाहेर रस्त्याकडेला गाडी उभी केली तर विजेच्या तारा हाताच्या अंतरावर असतात. तारेखाली गाडी असेल तर वर चढायचंच नाही, गाडी आधी हलवायला लाव. दोर आवळला तरी पहिल्या तीस-चाळीस किलोमीटरमध्ये माल बसतो आणि दोर ढिला पडतो. ड्रायव्हरला सांगून ठेव, नळदुर्गच्या आसपास एकदा थांबून आवळ म्हणून.

मालधक्का

रेक लागली की घड्याळ चालू होतं. रेल्वेनं दिलेल्या तासांत वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, रिकाम्या किंवा भरून झाल्या नाहीत तर मालवाल्याला डेमरेज, म्हणजे उशिराचा आकार, पडतं, म्हणून तो घाई करतो, रात्री-अपरात्री काम काढतो. नव्या झाकलेल्या वाघिणीत सत्तर टनांच्या आसपास माल येतो, म्हणजे ५० किलोची चौदाशे पोती. ती एका दमात होत नाहीत. टोळीचे दोन गट करून घ्या, एक वाहतो आणि एक बसतो.

वाघिणीचं दार उघडताना समोर उभं राहायचं नाही. प्रवासात पोती सरकून दाराला टेकलेली असतात, कडी सुटली की दारासकट माणसावर येतात. दोघांनी दोन बाजूंना उभं राहून आधी वीतभर उघडायचं, आत बघायचं, मग पुढं. रिकामी वाघीण भरतानाही दारापाशी पोती दाराला टेकवून रचू नको, पुढच्या गावचं दार तुझ्यासारखाच कुणीतरी उघडणार आहे. वाघिणीखालून वाकून पलीकडं जाणं बंद. शंटिंगचा आवाज येईलच असं नाही. उन्हाळ्यात दुपारी आतला पत्रा इतका तापतो की माणूस गुंगतो, म्हणून वाघिणीच्या आत एकटा माणूस कधीच नको.

ऊन, पाणी, जेवण

सोलापूरचं एप्रिल-मेचं ऊन ४२-४४ अंशांना जातं, हे तुला मी सांगायला नको. जड काम पहाटे पाचला सुरू करून अकरापर्यंत आटपायचं, उरलेलं चारनंतर. तहान लागायची वाट बघू नको. अर्ध्या-पाऊण तासाला पाणी, आणि दिवसातून दोन-तीनदा लिंबू, मीठ, साखर घातलेलं पाणी किंवा ताक. नुसतंच पाणी पीत राहिलास तर पोटऱ्यांत गोळे येतात, कारण घामाबरोबर मीठ जातं. बरोबरचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, चालताना झोकांड्या खायला लागला, अंग तापून कोरडं पडलं, तर ते ऊन लागलंय. सावलीत झोपव, कपडे सैल कर, काखेत आणि मानेला ओला पंचा लाव, वारा घाल आणि १०८ ला फोन कर. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नको.

सकाळी ज्वारीची भाकरी, डाळ आणि शेंगाची चटणी खाऊन ये, पण पोटभर जेवल्यावर तासभर ओझं घेऊ नको. अंगदुखीच्या गोळ्या खाऊन काम करणारी पोरं मी बघतो आणि जीव तुटतो. गोळी दुखणं लपवते आणि तू त्याच दुखऱ्या जागी परत ओझं घालतोस. कमरेतून मांडीत, पोटरीत, टाचेपर्यंत कळ उतरली, पायाला मुंग्या आल्या, किंवा खोकताना जांघेत गोळा हाताला लागला, तर त्या दिवसापासून पोतं बंद आणि सिव्हिल हॉस्पिटलला जा. मुकादमाला सांग. शहाणा मुकादम तुला महिनाभर मोजणीला लावेल. दारूचं एवढंच सांगतो की रात्रीची उतरली नसेल तर माझ्या फळीवर पाय ठेवायचा नाही.

पैसा आणि नाव

भराईचा दर पोत्यामागं किंवा क्विंटलमागं ठरतो, आणि तो हमालांची संघटना, व्यापारी आणि बाजार समिती यांच्यात ठरलेला असतो. दराचा कागद बघायला माग. काम सुरू होण्याआधी हमाली कोण देणार हे स्पष्ट करून घे. वाहतूकदारांची घोषणाच आहे, ज्याचा माल त्याचा हमाल. व्यापाऱ्यानं पैसे दिले असतील तर ड्रायव्हरकडून वाराई, म्हणजे गाडीवाल्याकडून घेतलेली हमाली, म्हणून पुन्हा मागायचं नाही. तसं मागितल्यानं सगळ्या हमालांचं नाव खराब होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुझं नाव माथाडी मंडळात नोंदव. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यामागं अण्णासाहेब पाटील यांनी उभी केलेली चळवळ होती. पुण्याला बाबा आढावांनी हमाल पंचायत बांधली. त्याआधी आपल्या कामाला मालकच नव्हता. आज या व्यापाऱ्याचं, उद्या त्याचं, आणि पाठ मोडली की कुणाचंच नाही. कायद्यानं केलं असं की व्यापाऱ्यानं मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्यांची लेव्हीही भरायची. त्या लेव्हीतून तुझा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, सुट्टीचा पगार, औषधपाणी निघतं.

काही जण सांगतील, "मंडळ कशाला, मी रोख देतो, जास्त देतो." ती रोख आज हातात दिसते. पण नोंद नसेल तर अपघातानंतर तू त्या दिवशी तिथं होतास हेच सिद्ध करता येत नाही. आधार, बँकेचं पासबुक, फोटो, आणि ज्या टोळीत काम करतोस तिच्या मुकादमाचं पत्र घेऊन मंडळाच्या कार्यालयात जा, आणखी काय कागद लागतात ते तिथल्या खिडकीवर लिहून घे. नोंद व्हायला वेळ लागतो. तोवर असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्ड काढ आणि बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा चालू कर. वर्षाला २० रुपये कापले जातात आणि अपघाती मृत्यू झाल्यास घरच्यांना २ लाख मिळतात. गोण्या भरणाऱ्या तुझ्या आईचं, बहिणीचंही नाव याच वेळी नोंदवायला ने. बायकांची नोंद मागं राहते आणि ते मला मुळीच पटत नाही.

अपघात झाला तर दवाखान्यात नेण्याबरोबरच एका माणसानं वेळ, जागा, गाडीचा नंबर, कुणाचा माल होता आणि बरोबर कोण होतं हे लिहून ठेवायचं, आणि त्याच दिवशी मुकादमानं मंडळाला कळवायचं.

रोजच्या पावत्या एका पिशवीत ठेव. घरी जाऊन वहीत तारीख, माल, पोत्यांची संख्या आणि दर लिही, पाच मिनिटांचं काम आहे. लिहायला येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या भावाला सांग. वर्षातून एकदा मंडळातून तुझ्या खात्याचा उतारा घे आणि वहीशी ताडून बघ. एखादा महिना गाळलेला दिसला तर त्याच आठवड्यात मुकादमाला बरोबर घेऊन कार्यालयात जा. पावत्यांची पिशवी बरोबर असू दे आणि दिलेल्या अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय तिथून निघू नको.